घासलेल्या कडेचं नाणं

मी एक जुनं नाणं आहे. इथेच थांबलो असतो तर चारचौघांत केवढा भाव खाल्ला असता! पण मित्रांनो, आज खरं सांगायला बसलो आहे, तेव्हा आधीच कबूल करतो. मी नक्कल आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या नाण्यावरून एका संग्रहालयाने मला पाडून घेतलं. तोच राजा, तेच वाकडं नाक, तोच घोडा. फक्त माझ्या कडेवर बारीक अक्षरांत ‘नक्कल’ असा ठसा मारला होता. मला त्याची मुळीच लाज नव्हती. खरी नाणी काचेआड बसतात, त्यांच्याजवळ बोट नेलं की रखवालदार खेकसतो. मला मात्र कोणीही खुशाल हातात घ्यावं, टिचकी मारून बघावं. संग्राहक तोंडाने मला नावं ठेवतात, पण जाताना माझ्यासारखं एखादं खिशात टाकतातच. जे नाणं जन्मात मिळायचं नाही, त्याची निदान ओळख तरी घरात असावी, असं त्यांना वाटतं.

मला विकत घेतलं एका कुलूपवाल्याने. त्याच्याकडे माझं अस्सल भावंड होतं. शेजारच्या घड्याळजीने, त्याच्या जिवलग मित्राने, ते त्याला दुकान सुरू केलं त्या दिवशी भेट दिलं होतं. कुलूपवाल्याची अकरा वर्षांची डावरी मुलगी सारखी त्या नाण्याभोवती घुटमळायची. म्हणून त्याने मला तिच्या हातावर ठेवलं. "हे तुझं. खऱ्याला हात लावायचा नाही. घामाने नाणं खराब होतं."

काही दिवस मजेत गेले. मग शाळेत मैत्रिणी तिला चिडवू लागल्या, "नकली, नकली!" मुलगी इरेला पेटली. दुसऱ्या दिवशी तिने खरं नाणं दप्तरात टाकलं. घरी परतताना सगळ्यांना दाखवायच्या नादात ते तिच्या हातून निसटलं आणि गटाराच्या जाळीतून खाली गेलं. मी तिच्या खिशात होतो. ती तशीच बाबांच्या दुकानात धावत आली.

कुलूपवाला कुणाचं तरी दार उघडून द्यायला गेला होता. तिने त्याची सर्वांत बारीक कानस घेतली, मला टेबलावरच्या पकडीत आवळलं आणि माझ्या कडेवरचा शब्द घासायला सुरुवात केली. कानस कशी धरायची हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. एकेक अक्षर गेलं. मला फार दुखलं, आणि त्याहून जास्त राग आला. मग तिने मला पुठ्ठ्याच्या चौकटीत खऱ्याच्या जागी बसवलं, वर पारदर्शक झाकण लावलं आणि हात धुतले.

तिथे मी एकोणीस वर्षं काढली. कुलूपवाला रोज झाकणावरून फडकं फिरवायचा, पण मला बाहेर काढायचा नाही. नाण्याला हात लावायचा नाही हा त्याचा नियम, आणि त्या नियमानेच त्याला फसवलं. "माझ्या मित्राने दिलंय हे!" असं तो पाहुण्यांना सांगायचा, तेव्हा मुलगी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. मी आतल्या आत कुढायचो.

मग नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन ठरलं. यंदा नियम नवा होता. प्रत्येक नाणं चौकटीतून काढून तोलायचं. सभागृहात लांब टेबलावर तराजू मांडला होता. कुलूपवाला, घड्याळजी आणि आता तिशीला आलेली मुलगी रांगेत उभे होते. माझी पाळी जवळ येत चालली. सांगून टाक गं, मी मनात ओरडत होतो. तिने दोनदा "बाबा..." म्हटलं आणि दोन्ही वेळा "काही नाही" म्हणून गप्प बसली.

पारखणाऱ्या बाईंनी मला तराजूवर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. "वजन कमी भरतंय. ही नक्कल आहे. कडेवरचा शब्द कोणीतरी घासलाय."

कुजबुज सुरू झाली. कुलूपवाल्याने मित्राकडे पाहिलं. "तूच दिलं होतंस ना?"

"म्हणजे? मी तुला खोटं नाणं दिलं म्हणतोस?" घड्याळजीचा आवाज चिरकला.

कुलूपवाला पुढे झाला. त्याने मला उचललं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला, आणि मध्येच थांबला. कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला कललेले होते. ते डाव्या हाताचे होते. त्या हाताला वळण त्यानेच लावलं होतं. त्याने एकदा लेकीकडे पाहिलं. आता हा बोलेल, असं मला वाटलं.

"जाऊ द्या," तो खाली बघत म्हणाला. "जुनी गोष्ट आहे. विषय संपवा."

लेकीला वाचवायला त्याने मित्राला सगळ्यांच्या संशयात तसंच उभं ठेवलं! घड्याळजीने चष्मा काढून खिशात घातला आणि तो दाराकडे वळला.

"काका, थांबा!" मुलगी ओरडली. "मी हरवलं ते. अकरा वर्षांची होते, गटारात पडलं माझ्या हातून. हे मी घासलंय. तुमचं नाणं खरं होतं, काका."

घड्याळजी परत आला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लहान होतीस गं," तो म्हणाला. मग कुलूपवाल्याकडे वळून त्याने हळूच विचारलं, "तुझा अंगठा थांबला, तेव्हा तुला कळलं होतं ना?"

कुलूपवाल्याने खाली बघतच मान डोलावली.

मी अजून त्याच चौकटीत आहे. खाली मुलीने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे, ‘नक्कल. खरं नाणं माझ्या हातून हरवलं.’ लोक ती वाचतात, मला बाहेर काढून हातात घेतात, आणि मला मोकळं वाटतं. मित्रांनो, आमच्यासारख्या नकला हौसेने जमवा, पण आमच्या अंगावरचा शब्द घासू नका. आणि हातून काही हरवलं तर त्याच दिवशी सांगून टाका. ओरडा बसेल, तो खा.

दोघे मित्र आता पुन्हा एकत्र बसतात, गप्पा मारतात. घड्याळजीला कुठे चांगलं नाणं मिळालं तर तो आजही ते मित्राकडेच घेऊन येतो. फक्त मूठ उघडण्याआधी म्हणतो, "तराजू आण. आधी तोलून घे." तो हसतच म्हणतो. पण तोलल्याशिवाय देत नाही.