कुत्रा आडवा आला

त्या गटातले सगळेच मोठ्या अपघातांतून वाचलेले होते. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या गोल मांडून बसायचे आणि जमेल तसं बोलायचे. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, एका घरातली धाकटी जाऊ मात्र दर वेळी एवढंच सांगायची, "कुत्रा आडवा आला. मी गाडी वळवली आणि आम्ही खांबावर आदळलो."

तिला साधं खरचटलंही नव्हतं. गाडीत शेजारी बसलेल्या थोरल्या जावेचा उजवा हात मात्र कायमचा लुळा पडला. थोरली शिवणकाम करायची. तिच्या हातचा कोट असा बसायचा की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाव घेत नसे. आता धाकटी तिचे केस विंचरायची, बटणं लावायची, घास भरवायची. "सख्खी बहीण करणार नाही एवढं करते," असं सासूबाई येईल त्याला सांगत. ते ऐकलं की धाकटी काहीतरी काम काढून आत निघून जायची.

एकदा गट चालवणाऱ्या समुपदेशक बाईंनी घरच्या माणसांनाही बोलावलं. थोरली आली. धाकटीने तिला खुर्ची ओढून दिली.

"तुम्हाला काय आठवतं?" बाईंनी थोरलीला विचारलं.

थोरलीने जावेकडे पाहिलंही नाही. "कुत्रा आडवा आला," ती म्हणाली.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा चारचौघांत थोबाडीत मारलेली परवडली असती.

"कुत्रा नव्हता," तिच्या तोंडून निघालं. "आमचं भांडण चाललं होतं. ताई मला कामचुकार म्हणाल्या. मी त्यांच्याकडे वळून तोंडाचा पट्टा सोडला. रस्त्याकडे बघतच नव्हते. कुत्रा मी मागाहून रचला."

पाय गमावलेला टपालवाला जमिनीकडे बघत राहिला.

"मला माहीत आहे की," थोरली म्हणाली. "शुद्धीत होते मी."

"मग बोलला का नाहीत, ताई?"

"कशी बोलणार? डोळे उघडावेत तर तू उशाशी हजर. जिच्या हातून जेवायचं, तिच्याशी भांडायचं कसं?" थोरलीचा आवाज चढला. "माझा हात गेला गं! माझा हात! आणि तू मला धड रागावूसुद्धा दिलं नाहीस."

"ताई, माझं चुकलं..."

"आत्ता नको. आत्ता मी बोलते, तू ऐक."

आणि ती बोलत राहिली. रडली, ओरडली, नको नको ते बोलली. बाईंनी तिला अडवलं नाही. धाकटीने मान वर केली नाही.

घरी गेल्यावर धाकटीने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. थोरले दीर ताटावरून उठले. सासूबाईंनी कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला. नवरा म्हणाला, "सांगितलं नसतंस तर काय बिघडलं असतं?"

थोरलीने माफ केलं असं कधी म्हटलं नाही. पण गटाचा दिवस आला तशी दारात उभी राहून ओरडली, "आवरलं का तुझं? की मी एकटीच जाऊ?"

धाकटी चपला पायात सरकवत तिच्यामागे निघाली.