दगडाला आडवं आलेलं प्रकाशवर्ष

तपासणी जवळ आली की आमच्या शाळेत आधी भिंतींना शहाणपण यायचं, मुलांचं बघू मागाहून. ऐंशी साली अध्यक्ष भिमाजीअण्णांनी फर्मान काढलं, की गंगापूर रोडवरून दिसणाऱ्या लांब भिंतीवर यंदा सुविचार नकोत, विज्ञान हवं. अण्णा दिंडोरीकडचे, द्राक्षांत वर आलेले. शाळा त्यांची, भिंतही त्यांची. मी तिथे इतिहास शिकवायचो, त्यामुळे फर्मानं मला नवीन नव्हती.

विज्ञान चांगुणा साळवेबाईंकडे. बी.एस्सी. झालेल्या त्यांच्या वस्तीतल्या त्या पहिल्याच. दोन वर्षं तात्पुरत्या होत्या आणि तपासणी नीट पार पडली की कायम करतो, असा अण्णांनी शब्द दिला होता. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकट्या दोघी बहिणी शिकत होत्या. सगळं घर त्या एका शब्दावर टांगलेलं.

बाईंनी मजकूर दिला, एक प्रकाशवर्ष म्हणजे किती अँगस्ट्रॉम. प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर म्हणजे प्रकाशवर्ष. मीटरचे हजार कोटी तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे अँगस्ट्रॉम, अणू मोजायचं माप. आभाळ अणूच्या पट्टीने मोजायचं, ही बाईंची हौस. उत्तर त्यांनी सुटसुटीत लिहिलं होतं: ९.४६ गुणिले दहा, आणि दहाच्या डोक्यावर बारीक पंचवीस.

अण्णांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "एवढं मोठं आभाळ आन् एवढुसा आकडा? आन् हे पंचवीस वर काय चढून बसलंय? लोक म्हनतील, पेंटरचा रंग संपला. समदी शून्यं काढा. हातभर उंच काढा."

भिका पेंटरने डावीकडून सुरुवात केली. ९४६, मग शून्यं. एकोणीस शून्यं झाली आणि ब्रश थांबला. पुढे संगमरवरी दगड होता: 'कै. मातोश्री झुंबरबाई यांच्या स्मरणार्थ.' अजून चार शून्यं बाकी होती.

"दगड सोडून पलीकडे घेतो," भिका म्हणाला. पलीकडे मुलांची मुतारी होती.

"आभाळातली वस्तू मुतारीपाशी नेतो का रे?" अण्णा कडाडले. पुसून लहान अक्षरांत काढायला वेळ नव्हता, तपासणी दुसऱ्या दिवशी. दगड हलवा म्हणायची कोणाची छाती नव्हती. शेवटी अण्णांनीच निकाल दिला. "एकोणीस काय, तेवीस काय. शून्यंच ती. ऱ्हाऊ द्या."

बाई शिक्षकांच्या खोलीत येऊन बसल्या. चेहरा उतरलेला. "सर, अंतर दहा हजार पटींनी आखडलं. या भिंतीप्रमाणे प्रकाशाचं वर्ष त्रेपन्न मिनिटांत संपतं. सूर्याच्या शेजारचा तारा नेपच्यूनच्याही अलीकडे येतो."

"येऊ द्या," मी म्हटलं. "सहलीला बरा."

त्या हसल्या नाहीत. माझा विनोद तसा वाईटच होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. भिंत बघून खूश झाले आणि दहावीचा वर्ग तिथेच उभा करून त्यांनी विचारलं, "सांगा, एका प्रकाशवर्षात अँगस्ट्रॉम किती?" भिंत समोर असताना मुलं चुकणार नाहीत, हा त्यांचा हिशेब. पण पुढे उभ्या असलेल्या मुलीने भिंतीकडे बघितलंच नाही. ती म्हणाली, "नऊ पूर्णांक शेहेचाळीस शतांश गुणिले दहाचा पंचविसावा घात."

साहेबांनी बोट नाचवत शून्यं मोजली. मग अण्णांकडे पाहिलं. मग बाईंकडे. "बाई, मुलगी चुकली की भिंत?"

अण्णांनी घसा खाकरला. त्या खाकरण्यात कायम नोकरी होती, बहिणींची फी होती, वडिलांचं औषध होतं. एक 'मुलगी' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच तर काम होतं.

"भिंत चुकली, सर," बाई म्हणाल्या.

साहेब हसले, शेरा मारला, बासुंदी-पुरीचं जेवण जेवले आणि गेले. मग अण्णांनी बाईंना बोलावलं. मीही तिथेच होतो.

"चार शून्यांपायी माझं नाक कापलंत. सायबाला लिहून द्या, गडबडीत चुकीचं बोलले. कायमच्या कागदावर मी आत्ता सही करतो."

"दगड चार हात सरकवा, अण्णा. मग भिंतही बरोबर होईल."

"आईचा दगड हाय तो!"

"म्हणूनच म्हणते. आईच्या नावाला लागून खोटं लिहू नका."

अण्णा उठले, भिंतीपाशी जाऊन दगडासमोर बराच वेळ उभे राहिले. डोळे पुसले असं मला वाटलं, आणि पहिल्यांदाच तो माणूस मला आवडला. त्यांनी भिकाला हाक मारली आणि सगळं पुसून टाकायला सांगितलं. त्या जागी 'नेहमी खरे बोलावे' असं लिहून घेतलं. ते दगडाच्या अलीकडे ऐसपैस बसलं.

महिनाअखेरीस बाईंना सेवामुक्तीचं पत्र मिळालं. मी तावातावाने अण्णांकडे गेलो. "बाई खऱ्या होत्या, हे तुम्हीच मान्य केलंत ना?"

"खऱ्याच हायेत," अण्णा शांतपणे म्हणाले. "म्हनून तर भिंत पुसली. पन गुरुजी, भिंत पुसायला लावनारी बाई कायम केली, तर उद्या ती दगडबी काढायला लावंल."