पातेलं वाळायच्या आत

चेरोटिचनं यंत्राची नळी खोलली नि आतला पडदा बोटानं चाचपला. बुळबुळीत! सरोवराचं हिरवं शेवाळ दोन तासांत पुन्हा चिकटलं होतं. सहा महिने प्रयोगशाळेत राबून तिनं हा पडदा बनवला होता. खारं पाणी अगदी गोडं करायचा, पण इथं तुर्काना सरोवराच्या काठावर आला की त्याचा श्वासच कोंडायचा. ती ब्रशनं खसाखसा घासायला लागली.

"अगं पोरी, मक्याच्या उगालीचं पातेलं वाळल्यावर खरवडतात का कधी?" लष्करी छावणीचा आचारी बरासा मागून हसला. "रिकामं झालं की लगेच पाणी ओतायचं. आईनं शिकवलं नाही वाटतं!"

"काका, हे पातेलं नाहीये."

"तेच म्हणतोय. पातेलं असतं तर कामाला तरी आलं असतं."

जवान खो खो हसले. ती नाही हसली. ब्रश हवेतच थांबला होता.

मेजर मुटिसोंनी उद्या दुपारी बाराची मुदत दिली होती. तोवर पडदा तुंबून दाबाचा काटा लाल पट्ट्यात गेला की यंत्र परत नैरोबीला, आणि गस्तीवरच्या पोरांना पुन्हा टँकरची वाट बघत दिवसाला दोनच बाटल्या पाणी.

सकाळी सहाला यंत्र सुरू झालं. दर दहा मिनिटांनी ती झडप फिरवायची आणि गाळलेलं थोडं पाणी उलटं सोडायची. चिकटायच्या आतच शेवाळ बाहेर! दोन तास झाले, काटा जागच्या जागी. तीन. पाच! जवान हातातली कामं टाकून भोवती जमले.

बरासा तेवढा ढिम्म. "तुझा काटा चहा पितो का? या सरोवराच्या पाण्याचा चहा काळाकुट्ट होतो, साबणासारखा लागतो."

मेजरसाहेबांच्या चहासाठी टँकरच्या पाण्याचा एक कॅन तो कुलपात ठेवायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाराला मेजर आले. काटा बघितला, नुसतं हूं केलं आणि चहा मागितला. बरासानं कप आणून दिला. मेजर एक घोट प्यायले. मग दुसरा.

"बरासा, चहा ताज्या पाण्याचा लागतोय. आज टँकर आला वाटतं?"

"नाही, अफांदे साहेब. शुक्रवारपासून नाही."

मेजरांनी कपात बघितलं, मग यंत्राकडे.

"उद्याच्या गस्तीबरोबर हे जाईल," ते म्हणाले. "आणि मला अजून एक कप."

जवानांनी असा गलका केला की काठावरचे फ्लेमिंगो उडाले. चेरोटिच धावतच स्वयंपाकघरामागे गेली. काकांना मिठीच मारायची होती तिला! बरासा बादलीपुढे उकिडवा बसला होता. शेजारी कुलपातला कॅन रिकामा, आडवा. त्यातलं सगळं पाणी बादलीत, आणि त्यात बरासाचे मोजे.

"बघतेस काय?" तो मान वर न करता म्हणाला. "वाळल्यावर मळ निघत नाही."