गाडी उठली पाहिजे

"अहो, ढकला की जोरात!"

शिवकन्या स्टिअरिंगवरून ओरडत होती. मी डिकीला दोन्ही हात लावून वाकलो होतो. मागच्या सीटवर दगडाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. बीडला त्यांचं डायलिसिस होतं आणि आधीच उशीर झाला होता.

पारावरून अंगद जीपवाला हसला. "काकू, गाडीला स्टार्टर न्हाई का? का तात्यालाच बसवलंय?"

सून आल्यावर घरकामातून मोकळी झालेली शिवकन्या गाडी शिकली आणि तेलगावच्या पेशंटांना बीडला नेऊ लागली. मी जन्मभर वाचनालय सांभाळलं; सायकलच्या पुढे काही गेलो नाही. मग कुणीतरी तिच्या गाडीचं दार खिळ्यानं ओरबाडलं. ओरबाडणारा सापडावा म्हणून मुलानं गाडीत लावायचा कॅमेरा पाठवला. उभ्या गाडीतही तो चालावा म्हणून सुग्रीव मेकॅनिकनं थेट बॅटरीतून वायर दिली. कॅमेरा रात्रभर जागायचा आणि सकाळी गाडी मेलेली असायची.

संध्याकाळी परतल्यावर दगडाबाई म्हणाल्या, "शिवकन्ये, परवा अंगदच्या जीपनं जाते. राग न्हाई बाई, पर मला उशीर सोसत न्हाई."

"परवाचा एक दिवस द्या, मावशी," एवढंच बोलून तिनं गाडी सुग्रीवच्या गॅरेजकडे वळवली.

त्यानं वायरीच्या मधे एक छोटा डबा बसवला. "बॅटरी उतराया लागली की ह्यो डबा कॅमेरा बंद करतो." डब्यावरचा खटका त्यानं सगळ्यात खालच्या आकड्यावर नेला. "आता बॅटरी पार उतरल्याबिगर कॅमेरा बंद व्हायचा न्हाई, पहाटपस्तोर चालंल. चोर घावलाच समजा."

मी मान डोलावली. त्या माणसाचं तोंड मला एकदा बघायचंच होतं.

"एवढी उतरल्यावर गाडी उठंल का?" शिवकन्यानं विचारलं.

"थंडीत काय सांगावं, काकू."

"मग खटका वर घे."

"आवो, मधरातीलाच बंद पडंल कॅमेरा. वरबडणारा घावायचा न्हाई."

"न घावू दे. कॅमेरा झोपला तर झोपू दे, सुग्रीव. माजी गाडी उठली पायजे."

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगदनं जीप पारापाशी आणून ठेवली होती. दगडाबाई पिशवी घेऊन दोन्ही गाड्यांच्या मधे उभ्या होत्या. मला खात्री वाटेना. मी चपला काढल्या आणि डिकीला हात टेकले.

"तात्या, लई जोर लावा आज!" अंगद म्हणाला.

शिवकन्यानं किल्ली फिरवली. एका दमात इंजिन लागलं. माझ्या तळव्यांखाली गाडी थरथरली. दगडाबाईंनी मागचं दार उघडलं आणि आत बसल्या.

"अहो, हात काढा. निघते."

गाडी निघाली. दारावरचा तो ओरखडा उन्हात लखलखला. डिकीवरच्या धुळीत माझे दोन पंजे उमटले होते. गाडी बीडच्या रस्त्याला लागून ते पंजे दिसेनासे होईपर्यंत मी अनवाणीच उभा होतो.