दाराआडची राणी

मी तक्ता बोलतोय. दचकू नका. भिंतीला कान असत्यात म्हणता, मग भिंतीवरल्या तक्त्याला तोंड असलं तर काय बिघडलं?

माझा जन्म विलायतेतल्या छापखान्यातला. एकोणीसशे सत्तावीस साली लाकडी पेटीतनं सोलापुरात आलो, मुलींच्या शाळेत. पेटीत आमी बाराजण. अकरांवर इंग्लंडचे राजे, घोड्यावर, तलवारी उपसून. माझ्यावर एक राणी, दगडी थडग्यावर आडवी, डोईवर मुकुट, हातात पुस्तक. नाव बेरेंगारिया. राजांना पुढच्या भिंतीवर खिळे मिळाले. मला दाराआड. दार उघडलं की मी गडप.

पोरी 'झोपाळू राणी' म्हणायच्या. तिच्या पायाशी जनावर हाय, ते कुत्रं की सिंह यावर चिंचांची पैज लागायची. परीक्षेला तिच्यावर सवाल येत न्हवता, म्हणून कुणी मास्तर माझ्याकडं छडी करत न्हवता.

केली ती गोदावरीबाईंनी. इतिहासाच्या बाई, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. एका दुपारी त्यांनी दार लावून घेतलं अन् सांगितलं. हिचं लग्न लढाईच्या वाटेवर लागलं, एका बेटावर. त्याच दिवशी मुकुट. नवरा रिचर्ड राजा पुढं लढायला गेला, कैदेत पडला, सुटला, परत लढला, शेवटी बाण लागून मेला. तो असेस्तोवर हिनं इंग्लंडची माती पाहिली न्हाय. मागनं हक्काच्या पोटगीसाठी दिराला वर्षानुवर्षं विनवत बसली.

"बाई, सासर बघितलंच न्हाय व्हय हिनं?" विणकराची कमलम्मा बोलली.

"नाही गं."

"अन् तरी जल्मभर त्याच घरची?"

गोदावरीबाई नवव्या वर्षी विधवा झालेल्या. बार्शीचं सासर त्यांनीबी कधी पाहिलं न्हवतं, हे पोरींना घरून ठाऊक.

"हो, त्याच घरची," बाई म्हणाल्या, अन् माझ्यावरची धूळ पदरानं पुसली.

त्याच साली खंडेनवमीला घोटाळा झाला. कमलम्माच्या घरी त्या दिवशी मागापासनं कात्रीपर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. शाळेतबी तिनं तेच केलं. घंटा, फळा, अकरा राजे. मग दार ओढून माझ्या राणीलाबी लावलं, कपाळाच्या मधोमध.

"अगं येडे, विधवा हाय की ती," मागनं एक पोरगी म्हणाली. कमलम्माचा हात तसाच राहिला.

हेडमास्तर नारायणराव आले. बघितलं, अन् ओलं फडकं बाईंच्या हातात दिलं.

"पुसा ते. संध्याकाळी कमिटी पूजेला येतेय. विधवा बाई शाळेत कशाला, म्हणून आधीच कुजबुज आहे. हे पुसलं नाहीत तर तुमची नोकरी जाईल, आणि मला वाचवता येणार नाही."

बाई माझ्यापुढं आल्या. इतक्या जवळ की त्यांचा श्वास मला लागत व्हता. फडक्याचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं.

"हिला सगळं मागावं लागलं, नारायणराव. हे न मागता मिळालंय. माझ्यानं नाही पुसवणार."

"मग उद्या?"

"उद्या मी नसेन. कमलम्माला मात्र बोलू नका. पूजाच केलीय तिनं."

बाईंनी मला खिळ्यावरनं उतरवलं, कुंकू आत ठेवून हळू गुंडाळलं. कमलम्मा रडत व्हती. तिनं परकराच्या नाडीला अडकवलेला मागावरचा दोरा काढून दिला. बाईंनी दोन गाठी मारल्या, मला वर्गातल्या कपाटावर ठेवलं अन् त्या गेल्या. दसऱ्यानंतर वर्गावर नवे मास्तर आले.

आजबी मी तिथंच पडलोय. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पोटात झुरळांचा संसार हाय. राजे अजून घोड्यावरच. कमलम्मा कवाच नांदायला गेली. बाई कुटं हायत, कुणी सांगत न्हाय.

कधी झाडलोट करायला वर चढलात तर दोरा तोडू नका, सोडा. मग धूळ झटका, झुरळं हाकला, ओलं फडकं खुशाल फिरवा.

कपाळ तेवढं सोडा.