ॲटलासमधला तांबडा डाग

लिलाव अकराला सुरू होणार होता. त्याआधी तासभर वस्तू हाताळून बघायची मुभा होती, म्हणून गिरिजा दहालाच इंडस्ट्रियल एरियातल्या त्या हॉलमध्ये येऊन थांबली. तिला विकत काही घ्यायचं नव्हतं. वडिलांचा जुना सचित्र ॲटलास तिथे मांडला होता आणि यादीत त्याच्यापुढे लिहिलं होतं : समोरासमोरच्या दोन पानांवर तांबडे डाग. ते वाचल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तिचे वडील श्यामकांत कारखानीस हवाई दलातून निवृत्त झाले आणि चंदीगडलाच राहिले. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. तेव्हा हा ॲटलास कामी आला. प्रत्येक नकाशाच्या कडेला त्या त्या मुलखाची हातानं रंगवलेली चित्रं होती. बापलेकीनं त्यांचीच भाषा केली. ज्वालामुखी म्हणजे दुखतंय. अस्वल म्हणजे पांघरूण. उंट म्हणजे तहान. जहाज म्हणजे हेरंब, कारण लहानपणी तिच्या या धाकट्या भावाला खलाशी व्हायचं होतं. आता तो शेजारच्या मोहालीत नोकरी करत होता आणि तिथेच एअरोसिटीत राहत होता.

पाणी नळीतूनच द्यायचं, तोंडावाटे थेंबही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

वाढदिवसाला तिनं बाबांना ओवाळलं. कुंकू ओघळू नये म्हणून तेलात कालवलं होतं. बाबांनी कपाळाला बोट लावलं आणि तेच बोट मांडीवरच्या उघड्या ॲटलासवर टेकवलं. ती तबक खाली ठेवून वळेपर्यंत बोट घसरून दोन पानांमधल्या शिवणीवर आलं होतं. डाव्या पानावर उंट, उजव्या पानावर जहाज. तिनं उंट धरला.

आज वाढदिवस आहे, नाही कसं म्हणायचं, असं वाटून तिनं पुस्तक मिटलं आणि दोन चमचे पाणी पाजलं. जोराचा ठसका लागला. मग ताप, मग छाती भरली. दहाव्या दिवशी ते गेले. चमच्यांचं तिनं कोणाला सांगितलं नाही. घर रिकामं करताना हेरंबनं पुस्तकं लिलावात दिली, तेव्हाही ती गप्प राहिली. पाणी त्यांनीच मागितलं होतं, एवढ्यावर ती दिवस ढकलत होती.

लिलाववाले भुल्लरजी पुस्तक उघडून देत म्हणाले, "दाग है मॅडम, पर बाकी माल पक्का है जी."

डाग दोन्ही चित्रांवर होते. ओल्या कुंकवावर पान मिटलं, तर दुसरीकडे ठसा उठणारच. गिरिजानं डावं पान उजेडाकडे धरलं. उंटावर नुसती पुसट लाली होती, पाठ कोरी. मग उजवं धरलं. जहाजावर बोटाच्या रेघा उमटल्या होत्या, आणि तेल पार पलीकडे उतरलं होतं. बोट इथेच टेकलं होतं.

"काय गं ताई, चित्रलिपीचा क्लास अजून चालूच?" हेरंब मागून आला. "तासाभराची सुट्टी काढलीय यार, साहेब आधीच तोंड वाकडं करतोय. कशाला बोलावलंस?"

बोट उंटावर होतं, असं खोटं सांगणं तिला सहज जमलं असतं. त्याला ही पानं वाचता येत नव्हती.

"वाढदिवसाला बाबांनी तुला बोलावलं होतं," ती म्हणाली.

"बोलावलं होतं? मग फोन करायचास ना! वीस मिनिटांत आलो असतो."

"मला वाटलं, पाणी मागतायत."

"बरं, मग?"

"मी पाजलं. चमच्यानं."

हेरंबच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. विसरून राहिल्यासारखं ते तसंच राहिलं. "त्यांना तर नळी होती," तो म्हणाला.

"हो."

"मी म्हटलं होतं रविवारी येतो... तोवर ते आयसीयूत होते." तो खुर्चीत बसला. तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, "किती चमचे?"

"दोन."

खुर्च्या भरत आल्या होत्या. भुल्लरजींनी पुस्तक मिटून उचललं आणि दोघांचे चेहरे बघून थबकले. "मॅडम, सर, घर की चीज है. वापस लेनी हो तो अभी बोल दो जी, बोली लगने के बाद मैं कुछ नहीं कर सकता."

गिरिजानं हेरंबकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

भुल्लरजी पुस्तक घेऊन बोलीच्या टेबलाकडे गेले.