डाख कोणाचा

"ह्याला डाख म्हणायचं की शेंबूड?"

गेल्या मंगळवारी मी गॅरेजमधल्या वॉशिंग मशीनमध्ये टॉवेल कोंबत होते. तीन फुटांवर माझा नवरा ड्वेन डोळ्याला भिंग लावून पुटपुटत होता. त्याच्या समोरच्या बोर्डावर कथलाचे गोळे तारांना मिठी मारून बसले होते.

"हळू बोल," मी म्हटलं. "ते गेले नाहीत अजून. बाथरूममध्ये आहेत."

ते म्हणजे आर्मंड, वय चौऱ्याऐंशी. चंद्रावर माणसं नेणाऱ्या यानातल्या कॉम्प्युटरचे कळफलक आमच्या वॉल्थम गावात बनायचे, तेव्हा ते कारखान्यात तपासनीस होते. दोन वर्षांपूर्वी ड्वेननं तसल्या एका कळफलकाची हुबेहूब प्रतिकृती करायला घेतली. एकोणीस कळा, हिरवे आकडे आणि राखाडी रंगाची ती एकच छटा, जिच्यापायी माझं स्वयंपाकघरातलं कपाट चार वेळा रंगवून झालं. कथील वितळवून तारा जोडायचा, म्हणजे डाख द्यायचा, मान आर्मंड यांचा. बायको गेल्यापासून त्यांच्या आठवड्यात मंगळवार आणि शनिवार एवढेच वार उरले होते. येताना डोनट आणायचे.

डिसेंबरपासून त्यांचे डाख बिघडले. सांगणार कोण? ते काम काढून घेतलं तर त्यांनी यायचं कशाला? ड्वेनचे हात अस्वलाचे. शेवटी मीच व्हिडिओ बघून शिकले. ते गेले की त्यांचे डाख उकलायचे, नवे द्यायचे, उरलेला डोनट खायचा.

आज शनिवार. दुपारी हे यंत्र वाचनालयात लोकांना दाखवायचं होतं. सकाळीच आर्मंड येऊन बसले आणि शेवटची चाचणी सुरू झाली. ड्वेननं बर्फातला जाड हातमोजा चढवला. अंतराळवीर हातमोज्यांनीच कळा दाबायचे, म्हणून उघड्या बोटांनी कळ दाबायची नाही, हा आर्मंड यांचा नियम. त्यानं 'व्हर्ब', म्हणजे 'क्रियापद', लिहिलेली कळ दाबली, मग तीन, पाच आणि 'एंटर'. त्या यंत्राच्या भाषेत म्हणजे सगळे दिवे लाव.

आकड्यांच्या सगळ्या घरांत हिरवे आठ उमटले. एकही घर रिकामं नाही.

"आर्मंड, तुमच्या हाताला तोड नाही!" ड्वेन ओरडला. जरा जास्तच.

आर्मंड हसले नाहीत. "मागचं झाकण काढ."

"चालतंय की!"

"काढ म्हणतो ना, गधड्या."

त्यांनी भिंग घेतलं. ड्वेन माझ्याकडे बघायला लागला, मी टॉवेलांकडे.

"डाख देणाऱ्या चौदा बायका होत्या कारखान्यात माझ्या रांगेत," भिंग बोर्डावरून फिरवत ते म्हणाले. "डाख बघून नाव सांगायचो. लोरेटाचा गोल. बर्निसचा चपटा, घाईचा." भिंग थांबलं. "इथे प्रत्येक तार डावीकडे वळवून कापलीय. या घरात डावखुरं कोण आहे, रोझान?"

माझ्या डाव्या हातात साबणाचं माप होतं. मी ते हळूच उजव्या हातात घेतलं.

"ते काय झालं, हवा जरा दमट..." ड्वेननं सुरुवात केली.

"तू गप रे. पोरी, काम स्वच्छ आहे, पण कथील जास्त घालतेस. ओढ ती खुर्ची. आजपासून डाख तू द्यायचे, तपासायचे मी."

"पण आर्मंड, डाख तर तुम्हीच..."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर अधांतरी धरले. मशीन पिळायला लागलं की त्याचं झाकण थरथरतं, तसे ते थरथरत होते.

"माझे हात गेले, पोरी. डिसेंबरमध्येच. तुम्ही ते बोलून दाखवू नये म्हणून तर एवढे डोनट आणत होतो."